खोडलेला परिच्छेद

आदरणीय पाळकसाहेब,

रविवारी चर्चमध्ये माझ्या भाच्याने पहिला उपदेश केला आणि तुमचं नावसुद्धा घेतलं नाही. मंडळी त्याला कृतघ्न म्हणताहेत. मला ते ऐकवत नाही, कारण तुमच्यावरचा परिच्छेद मीच खोडायला लावला.

त्याने सगळं लिहिलं होतं. तुम्ही त्याला रिकाम्या बाकांसमोर बोलायला उभं करायचात. तो ओरडला की म्हणायचात, "अरे, देव बहिरा नाही, आणि मीही अजून नाही." एकदा तो घाबरून पळाला, तर चहा पाजून परत आणलंत. तुमच्यावर अख्खा परिच्छेद, आणि आईवेगळ्या पोराला वाढवणाऱ्या मावशीवर एक ओळ! मला मिरच्या झोंबल्या. "फार लांबतंय, हे काढ," म्हटलं. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मावशीचा शब्द त्याने कधी मोडला नाही.

उपदेश संपल्यावर तुम्ही काठी टेकत माझ्याकडे आलात. "बाई, पोरगं किती मोजकं बोललं! मला काही ते शिकवता आलं नाही. हे तुमचंच काम."

मी "हो" म्हणाले. वर "थँक्यू"ही म्हणाले.

हे पत्र पेटीत टाकायला न धजणारी,
त्याची मावशी