कोपरावरची तुरटी

तीर्थरूप काकांस,

कोपरापासून दंडवत. (टोमणा मारत नाहीये हो, आज खरंच कोपराचीच हकीकत आहे.) तुमची तब्येत कशी आहे? काकूंचा गुडघा काय म्हणतो? आम्ही इकडे मजेत, म्हणजे कालपासून मजेत!

झालं काय, दोन महिन्यांपूर्वी माझ्या दोन्ही कोपरांवर लाल चट्टे उठले, वर पांढरा कोंडा. आता दाढी करताना न्हाव्याचं कोपर गिऱ्हाइकाच्या नाकासमोर येणारच की! आपले बँकवाले साहेब अर्ध्या दाढीतच उठले. (उरलेली अर्धी रुमालाने झाकून गेले.) हळूहळू दुकानात मी आणि रेडिओ एवढेच उरलो. दुकान बंद पडायची वेळ आली. मग तुमचा चेला काय करणार? तुम्हीच शिकवलंत, कातडीला काही झालं की तुरटी! मी तुरटी घासली, वर आफ्टरशेव्ह ओतलं. काका, अशी आग झाली की गिऱ्हाइकाच्या टॉवेलने स्वतःलाच वारा घालत दुकानभर नाचलो. तरी चिकाटी बघा, आठ दिवस घासत होतो. चट्टे तळहाताएवढे झाले. जंतू असतील म्हणून कंगवेही उकळले. दोन कंगव्यांचा एक झाला.

शेवटी बायकोने दंडाला धरून (कोपर सोडून) त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तुरटीचं ऐकून त्यांनी पेनच खाली ठेवलं. म्हणाल्या, हा सोरायसिस. जंतू नाही, कुणाला लागत नाही! शरीराचा पहारेकरीच घरच्यांना चोर समजून बदडतो, म्हणून कातडी सुजते. कायमचा जात नाही, पण ताब्यात राहतो. आता त्यांनी दिलेलं मलम, कोमट पाण्याची आंघोळ, अंग ओलसर असतानाच बिनवासाचं क्रीम, आणि खपल्या उपटणं बंद. महिन्यात चट्टे फिकटले हो! 'संसर्गजन्य नाही' ही त्यांची चिठ्ठी मी आरशावरच चिकटवली. काल बँकवाले साहेब आले, चिठ्ठी वाचली आणि खुर्चीत बसून मान मागे टाकली. मला तर रडूच फुटलं.

आपला,
पुतण्या

ता. क. 'घरात आणखी कुणाला आहे का?' असं बाईंनी विचारलं. मी 'नाही' म्हणालो.

आणखी एक ता. क. खोटं बोललो. काका, नजर अधू झाली असं सांगून तुम्ही दुकान बंद केलंत, आणि माझं हे बारीक अक्षर मात्र दर वेळी बिनचष्म्याचं वाचता. भर उन्हाळ्यातही तुमच्या अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट! तुमच्या खुर्चीतूनही कुणीतरी अर्ध्या दाढीत उठून गेलं असणार. सोमवारी दहाची बाईंची वेळ तुमच्यासाठी घेतली आहे. माझ्या शेजारची खुर्ची पुसून ठेवली आहे. वस्तरा घेऊन या. तुरटी घरीच ठेवा.