खांद्यावरचा हात

१ मार्च
संकल्प: जूनची राष्ट्रीय स्पर्धा, थाळीफेक आणि हातोडाफेक दोन्ही. चौतीस हे काही वय नव्हे. गोड बंद.
सरावानंतर आमच्या प्रशिक्षकांनी, तोकुनागा सरांनी, माझ्या खांद्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. म्हणाले, सुगिउरा, या खांद्यानं कारखान्याच्या संघासाठी फार कष्ट केले, आता त्याला विश्रांती द्यायला हवी. डोळे ओले होते. परागकणांचा त्रास असावा.
ऑफिसात साहेबानं असा हात ठेवला की माणूस मुकाट्यानं टेबल आवरून नोकरी सोडतो. हिशेब खात्यातल्या ओयामादांचं तसंच झालं. पण ते ऑफिस. मैदानावर खांदा म्हणजे खांदा. थाळी सोडताना माझा उजवा जरा पडतो, ते सरांच्याच नजरेला दिसणार. मी कमरेत वाकून आभार मानले.

९ मार्च
खांद्याचे व्यायाम सुरू. ऑफिसातल्या कावाईबाई गावाहून मोची, म्हणजे तांदळाचे गोड लाडू, घेऊन आल्या. नाही म्हणणं उद्धटपणाचं. दुसऱ्यांदा नाही म्हणणं तर त्याहून. उद्यापासून गोड बंद.

२ एप्रिल
नवी मुलगी आली आहे, मिनाकी. हातोडा फेकते, म्हणजे हातोडा तिला फेकतो. सर म्हणाले, हिला तुझ्या गिरक्या शिकव, सगळं शिकव. सगळं शिकवायचं नाही असं ठरवलं होतं. पण ती पोर ताई ताई करत मागे फिरते. शेवटच्या गिरकीत टाच कधी टेकायची तेही सांगून टाकलं.
माझा जुना चामडी हातमोजा तिनं आठवण म्हणून मागितला. आठवण कसली, रोज तर भेटतो! पण दिला. भक्ती आहे पोरीची.

२२ एप्रिल
कमाल आहे! मे महिन्यापासून मला दिवसभर ऑफिस. दुपारचा सराव बंद. राष्ट्रीय स्पर्धा तोंडावर असताना! कावाईबाईंना म्हटलं, सरांना हे कळलं तर ते वरपर्यंत जातील. बाई म्हणाल्या, त्यांनीच तर तुझ्यासाठी ही खुर्ची मागून घेतली. बाईंना मैदानातलं काही कळत नाही.

१२ मे
विभागीय स्पर्धा. हातोडा.
पहिला जाळीत. दुसरा जाळीत. तिसरा बाहेर गेला, पण भलत्याच दिशेला. मिनाकी जिंकली. माझा हातमोजा, माझी टाच! वर माझ्यासमोर येऊन ढसाढसा रडली, ताई, तुमची जागा मी सांभाळीन म्हणाली. माझी जागा मी सोडलीय कुठे? घरचीच पोर अशी निघते. हातमोजा परत मागणार आहे.
उद्या थाळी. उद्या दाखवते.

१३ मे
शेवटची फेक या मोसमातली सर्वांत लांब. पाचवी आले. मान वर करते तोच सगळा संघ धावत आला आणि मला हवेत उडवलं. आमच्याकडे जिंकणाऱ्याला असं उडवतात. नाहीतर निरोप घेणाऱ्याला.
मी पाचवी आले होते.
हे मला हवेत असताना कळलं. खाली सर हातात गुलदस्ता घेऊन उभे. गॅलरीत आई, नव्या कोटात, रुमालात रडणारी. तिला भल्या पहाटेच्या गाडीनं कुणी बोलावलं? म्हणजे तिलाही माहीत!
तिसऱ्यांदा उडवलं तेव्हा त्यांच्या हातांनी दगा दिला. सगळ्यांत आधी मिनाकीनं. पाठीवर पडले.
गवतात पडल्या पडल्या सरांना विचारलं, मी निवृत्त झाले कधी? सर चक्रावले. म्हणाले, अगं, मार्चमध्ये! मी खांद्यावर हात ठेवला, तू किती सुंदर वाकलीस. घरी जाऊन बायकोला सांगितलं, इतक्या समजूतदारपणे कुणीच गेलं नव्हतं.
निदान मोठ्यानं सांगायचं. थाळी सुटली की सोळा वर्षं माझ्या कानात ओरडणारा माणूस!
आई म्हणाली, फोटो छान आलाय. चेहरा अगदी हसरा.

१५ मे
पाठ अजून दुखते. गुलदस्ता माझ्याच टेबलावर, पाणीही मीच बदलते. मिनाकी हातमोजा परत द्यायला आली होती. तिच्याकडे पाहिलं नाही. हातमोजाही घेतला नाही. निवृत्ती मागे घेता येते का, याची चौकशी करायची. पण कुणाकडे? सरांकडेच करावी लागेल.
दुपारी मोठ्या साहेबांचा हात माझ्या खांद्याच्या दिशेनं आला. मी खुर्चीसकट भिंतीपर्यंत मागे गेले.
त्यांना मागच्या फळीवरचा स्टेपलर हवा होता.