एका नंबरची जाळी

३ नोव्हेंबर, सोमवार

दीड वर्ष झालं, डॉक्टर म्हणते गॅस आहे. गॅस कायचा? हर्नियासाठी पोटात जाळी बसवली तवापासून वाकली का आतून कोणी चिमटा घेते, अन् हा बाबा म्हणते बाई, वांगे कमी खा. अरे मी बाजारात वांगे विकते, मले वांग्याचं सांगते! टाक्यातून पू येते तो बी वांग्याचाच का? तीनदा हाकललं त्यानं मले.

म्हणून आज वडनेरहून बुलडाण्याले आली. अनुपमा मॅडम वकील आहेत, जाळीनं नासलेल्या बायांच्या केसा फुकट लढतात. ऑफिसमागची खोली देल्ली. पलंग आहे, शेगडी आहे, नळ आतच. खिडकीपाशी सीताफळाचं झाड. मॅडमनं खुर्चीवर बसवलं, आपल्या हातानं चहा देल्ला. म्हणाल्या, जनकाताई, रोज काय दुखते ते वहीत लिहा, कोर्टात हाच पुरावा. मुन्शी हिंमतराव रोज सकाळी वहीची झेरॉक्स काढतीन. मी म्हटलं, चौथी शिकली, अक्षर कोंबडीच्या पायावानी. हिंमतराव म्हणे, जज साहेबाले कोंबडी वाचता येते. लय दिवसानं हसली मी.

दवाखान्याच्या कागदावर जाळीचा स्टिकर आहे, तो बी मॅडमनं पाहिला. म्हणाल्या, एका जाळीचा एकच नंबर, आधार कार्डावानी. दुसऱ्या कोणाचा तो नसतेच. माहा नंबर ४४०७१६.

५ नोव्हेंबर, बुधवार

रिकामं बसणं मले जमत नाही, ऑफिस झाडून काढलं. हिंमतराव म्हणे, राहू द्या ना बाई. मी म्हटलं, तुमच्या टेबलाखाली दिवाळीच्या आधीची चकली सापडली, राहू देऊ का?

डाव्या बाजूला दुखायलंय. आतून कोणीतरी एक एक टाका उसवायलंय. बसलं की थांबतंय, उठलं की पुन्हा लागतंय.

दुपारी मॅडमनं सांगितलं, सतरा तारखेले ऑपरेशन. जाळी काढा लागते, कोर्टाले दाखवाले. त्यांच्या ओळखीचा डॉक्टर आहे. सही आधी करा म्हणाल्या. मी म्हटलं, पहिले वाचीन. हळू वाचते, पण वाचते. मॅडम हसल्या, पण तोंडानंच.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पोरीचा फोन. सारिका नांदुऱ्याले देल्ली आहे. दोन मिनिटांत म्हणे, आई, तू काऊन अशी बोलून राह्यली? दुखायलंय, उसवायलंय? सिंदखेडराजाकडची झाली का तू? मी झापलं तिले.

मग मागचं पान पाहिलं. अक्षर माहंच. पण आमच्याकडे 'दुखून राह्यलं' म्हणतात. 'उसवायलंय' मी जन्मात बोलली नाही. इथं तसं बोलणारं कोणी नाही. हिंमतराव तं खामगावचा.

१० नोव्हेंबर, सोमवार

मॅडम तारखेवर गेल्या, हिंमतराव झेरॉक्सले. कपाट पुसता पुसता एक फाईल खाली पडली. वर फोटो, माह्याच वयाची बाई. कौशल्याबाई, राहणार साखरखेर्डा, तालुका सिंदखेडराजा. फोटोखाली लाल पेनानं लिहिलं— मयत.

आत तिची वही. माह्यासारखीच. एक एक अक्षर लावून वाचलं. 'डाव्या बाजूला दुखायलंय. आतून कोणीतरी एक एक टाका उसवायलंय.'

मागं स्टिकर होता. इंग्रजी मले येत नाही, पण आकडे येतात. ४४०७१६.

फाईलीत लिहिलं, तिची जाळी पुराव्यासाठी काढली, ११ जून. मले बसवली, १४ जून. साल एकच. पुरावा कोर्टात गेलाच नाही. माह्या पोटात आला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

हिंमतरावले विचारलं, दोन बायांच्या जाळीचा नंबर एकच कसा. म्हणे बाई, तो खोक्याचा नंबर असन, तुमाले चष्मा लागला. मी म्हटलं, मॅडम तं आधार कार्ड म्हणाल्या. मंग कागद आवरून उठला. कपाटाले नवं कुलूप मी विचाराच्या आधीच लागलं होतं. तवा मी तं फाईलीचं कोणालेच बोलली नव्हती. फक्त वहीत लिहिलं. अन् वही सकाळी तेच नेतात.

मॅडम भेटत नाहीत. कामात आहेत म्हणे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पिशवी भरली. घरी जाऊ, केस गेली खड्ड्यात. स्टँडवर गाडीत बसली. कंडक्टरनं कुठं जायचं विचारलं, मी तिकीट मागितलं— साखरखेर्डा.

गाडी बी तिकडचीच, चिखलीकडची. माह्या घराकडची, नांदुऱ्याची, बाजूले उभी होती. साखरखेर्डा मी पाहिलं बी नाही. कंडक्टर म्हणे मावशी, उतरता का बसता? उतरली. पाय आपोआप परत खोलीवर—

कुठं जायचं होतं मला?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पाहिलं, कालच्या पानात 'मला' लिहिलं आहे. मी मले लिहिते. मले. मले. मले.

दुपारी दाराआडून ऐकलं. हिंमतराव फोनवर, दवाखान्याशी. सतराले निघते, वीसले लावून घ्या. कोणाले लावता? कोणती बाई वीस तारखेची वाट पाहून राह्यली? तिले बी सांगतीन का, गॅस आहे—

टाक्याचा वण दाबला. आतून कोणीतरी दाबलं. उलट.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मॅडम, झेरॉक्स काढता तं वाचता बी. म्हणून इथंच विचारते. उद्या शनिवार. पाच वाजेपर्यंत मले उत्तर पाहिजे, तुमच्या सहीनं. ही जाळी कौशल्याबाईच्या आधी कोणाच्या पोटात होती. किती बाया. वीस तारखेले कोणाच्या. नाही देल्लं तं सारिकाले सगळं सांगते, वहीचे फोटो तिच्या मोबाईलवर पाठवते.

मी जनकाबाई, राहणार वडनेर. सतराची सही मी करणार नाही. दोघी बी करणार नाही. आम्हाला अजून एकदा कापायला आम्ही काय—

शनिवार, पाच वाजता. वीस तारखेच्या तिला बी सांगा आम्ही इथंच बसलोय, उतरणार न