बोल्टवरचा हिरवा रंग

लेस्टर,
खंडेनवमी, दुपार

अहो, ऐकता का,

तुम्हाला लिहिलेलं हे माझं दुसरंच पत्र. पहिलं लिहिलं ते तुम्ही इकडे पुढे आलात आणि मी मिरजेला पासपोर्टची वाट बघत बसले होते तेव्हा. त्यात येताना काय काय आणू एवढंच विचारलं होतं. आज विचारायचं आहे ते वेगळं आहे, आणि उत्तर येणार नाही हे माहीत असून विचारते आहे.

सकाळी तुमची हत्यारांची पेटी पूजेला काढली. गेल्या नवमीला तुम्हाला वर्ष व्हायचं होतं, म्हणून सण नव्हता. यंदा मनात आलं, मी कुंकवाला हात लावते की नाही हे बघायला या गल्लीत आहे कोण? करंडा उघडला तर कुंकवाचा खडा झालेला. नखानं खरवडून काढलं.

तुमचा नियम होता, पेटी उघडायची नाही, वरून झाकणालाच हळदकुंकू लावायचं. पण झाकणाला गंज आलेला दिसला, आणि माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. बाहेर गंज म्हणजे आतले पाने, पकडी काय अवस्थेत असतील? म्हणून उघडली. वरचा ट्रे उचलला. खाली माझ्या जुन्या पिवळ्या पातळाचं फडकं होतं, चार घड्या घातलेलं, त्यावर हिरव्या रंगाचे फराटे. उचललं तर जड लागलं. आत किल्ली होती. रेजची किल्ली.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं?

किती दिवस? की किती वर्षं? मी पाटावर बसले ती बसलेच. नारळ अजून फोडायचा राहिला आहे.

रेज म्हटलं की मला आपले सगळे रविवार आठवतात. होजिअरीच्या कारखान्यात तो मशीनवर होता आणि तुम्ही मशीन दुरुस्त करणारे. पहिल्या हिवाळ्यात तुमच्याशी आपणहून बोललेला तो एकटा, आणि तुमचं नाव तोडून 'वॉस' म्हणणाराही तोच. त्याला जुन्या गाड्या शर्यतीत पळवायचं वेड, आणि तुम्हाला इंजिनाचं. मूल नसलेल्या घरात तुम्ही दोघांनी ती गाडीच मांडीवर घेतली. कौन्सिलचं गॅरेज भाड्यानं घेतलंत, दोन किल्ल्या केल्यात, एक तुमची, एक त्याची. कसली ती गाडी! काचा नाहीत, दिवे नाहीत, पुढेमागे रुळासारखे लोखंडी बंपर. मी म्हटलं होतं, ही काय रस्त्यावर न्यायची आहे का फोडायला? तुम्ही दोघंही हसलात. फोडायलाच होती.

रविवारी रेज जेवायला असायचा. पिठलं त्याला इतकं आवडायचं की त्याच्या आईला कृती हवी होती. मी तीन माणसांचा स्वयंपाक शिकले तो त्याच्यामुळे. नंतर तो दोघांवर आला, आता एकीवर आला आहे, आणि हात अजून जास्तीच भिजवतो.

शर्यतीचा एक कायदा मला फार आवडायचा. नवशिक्याच्या गाडीचं छप्पर पांढरं, जरा जिंकू लागला की पिवळं, मग निळं, आणि सगळ्यात हुशार तो लाल. पांढऱ्यांनी पुढे उभं राहायचं आणि लाल छपरानं सगळ्यांच्या मागे. जितकं शहाणपण जास्त तितकी जागा मागे! मी म्हणायचे, हे आपल्या पंगतीच्या उलट आहे. रेजचं छप्पर चारही वेळा मी रंगवलं. त्यातूनच थिनरच्या डब्याची ओळख झाली. ब्रश धुवायचा, सांडलेले थेंब पुसायचे, बोटं पुसायची.

हे थिनरचं लक्षात ठेवा. मी मुद्दाम आधी सांगते आहे.

ज्या वर्षीचं बोलते आहे, तेव्हा रेज लाल छपराचा होता, म्हणजे दर शर्यतीत शेपटीला. पण मोसमाअखेरच्या मोठ्या शर्यतीत छपराचा रंग बघत नाहीत. आधीच्या पात्रता फेरीत जो जिथे येईल, तीच त्याची जागा. आणि त्या फेरीत रेज दुसरा आला. म्हणजे इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो पुढच्या ओळीत उभा राहणार होता. तुम्ही त्या दिवशी मला फ्लास्कच्या झाकणातून चहा दिलात आणि स्वतः प्यायचं विसरलात.

तक्रारही त्याच दिवशी झाली. चार जणांनी जाऊन सांगितलं की हे इंजिन ठरल्या मापाचं नाही, त्या इंडियननं आत काहीतरी करामत केली आहे. तुमचं नाव कुणी घेतलं नाही, 'तो इंडियन' एवढंच. तपासनीस मिस्टर डॉब्स, ते खाकी कोटातले, बोलायला तुसडे पण माणूस सरळ. त्यांनी सगळ्यांसमोर इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उघडायला लावलं, मापं घेतली, आणि म्हणाले की बरोबर आहे. मग हेड बसवल्यावर प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत हिरव्या रंगाची रेघ ओढली. बोल्ट फिरवला तर रेघ तुटणार. मोठ्या शर्यतीच्या दिवशी ही रेघ अशीच दिसली पाहिजे, म्हणाले.

हे सगळं तुम्ही मला घरी येऊन सांगितलंत का? नाही सांगितलंत; मला ते कळलं शर्यतीच्या दिवशी, लोकांच्या बोलण्यातून. तपासणी चालली तेव्हा मी कुंपणापाशी बसले होते, ट्रॅकवरची लाल खडी उडून डोळ्यांत जाऊ नये म्हणून पदर डोक्यावर घेऊन. तुम्ही एवढंच सांगितलंत की मापात बसलं, आता सगळ्यांची तोंडं बंद. हा माझा तुमच्यावरचा एक राग आहे, आणि तो अजून गेलेला नाही. बायकोला रेघेचं काय सांगायचं, असंच ना?

मग खंडेनवमी आली, गुरुवारी. शनिवारी शर्यत. तुम्ही सकाळच्या शिफ्टला गेलात. संध्याकाळी गाडीची पूजा करायची होती, आणि तेलकट, काळ्याकुट्ट इंजिनाला मी हळदकुंकू लावणार होते होय? खुंटीवरची तुमची किल्ली घेतली, पातळाचं फडकं घेतलं आणि गॅरेजमध्ये गेले. चिंचेनं समई घासावी तसं इंजिन घासलं. बोल्टांवर हिरवे ओघळ दिसले. मला वाटलं, कुणीतरी रंगाचा ब्रश धरून वाकलं असेल. पुरुषांची कामं! फळीवरचा थिनरचा डबा उघडला आणि एकेक बोल्ट लख्ख करून ठेवला. आणि अहो, मला किती बरं वाटलं होतं म्हणून सांगू!

संध्याकाळी तुम्ही आलात. बॉनेट बंद होतं. तुम्ही बॉनेटवर स्वस्तिक काढलंत, चाकाखाली लिंबू ठेवलंत. रेज टोपी काढून बाजूला उभा. त्याला बॉनेट उघडून एकदा बघायचं होतं, पण तुम्ही हात धरलात. पुजलेल्या यंत्राला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. तो म्हणाला की बरं, तुझा देव म्हणतो तर तसं. तुमच्या देवाचं त्यानं ऐकलं हो. तुम्ही तेव्हा बॉनेट उघडलं असतंत तर डोकं धरून बसला असतात, मला चार शब्द बोलला असतात, आणि मिस्टर डॉब्सना फोन केला असतात. एवढ्यावर भागलं असतं.

शुक्रवारी दसऱ्याला तुम्ही पुन्हा शिफ्टवर होतात. रेज एकटाच आला, गाडी ट्रेलरवर चढवून घेऊन गेला. मी त्याला सोनं दिलं, म्हणजे आपल्या कुंपणाच्या प्रिव्हेटचं पान. दर वर्षी तुम्ही द्यायचात, म्हणून मी दिलं. त्यानं ते पाकिटात ठेवलं.

शनिवारी मिस्टर डॉब्सनी बॉनेट उघडलं आणि किती तरी वेळ वाकून राहिले. मग म्हणाले की रेघ नाही, म्हणजे शर्यत नाही. तुम्ही म्हणालात, पुन्हा मापं घ्या. ते म्हणाले, आज वेळ नाही, आणि नियम मापाचा नाही, रेघेचा आहे. ते चार जण शेजारीच होते. एक जण हसला. तुमचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता.

तुम्ही मनात हिशेब केलात. मी उघडलं नाही. किल्ल्या दोन. काल गाडी एकट्यानं नेली कुणी? आणि सगळ्यांच्या देखत विचारलंत, रेज, तू हेड काढलंस का?

रेज म्हणाला, "तू मला हे विचारतोयस, वॉस?"

तुम्ही परत विचारलंत. त्यानं खिशातून गॅरेजची किल्ली काढली, लाल छपरावर ठेवली आणि चालत गेटाबाहेर गेला. त्याच्या पाठीमागे लाऊडस्पीकरवर पुढच्या ओळीतली नावं वाचत होते, त्याचं नाव गाळून.

आणि मी कुठे होते? तुमच्यापासून चार पावलांवर, फ्लास्क घेऊन. 'रेघ' हा शब्द ऐकला तेव्हाच मला कळलं. सगळं कळलं. मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले की माझं इंग्लिश तेवढं नव्हतं. खोटं आहे ते. तुमच्याशी तर मराठीत बोलायचं होतं! मी घाबरले, दुसरं काही नाही. तुमच्या त्या चेहऱ्याला घाबरले. वाटलं, घरी गेल्यावर सांगू. घरी तुम्ही जेवला नाहीत, म्हणून वाटलं उद्या सांगू. आठ दिवस गेल्यावर सांगायचं तोंडच राहिलं नाही. माणूस एकदा गप्प बसला की रोज थोडं जास्त गप्प बसावं लागतं.

गाडी रेजनं दुसऱ्या माणसाकरवी मागवून घेतली. तुम्ही कारखान्यात खातं बदलून घेतलंत. पिठलं कमी पडेनासं झालं.

आता फडकं मांडीवर घेऊन बसले आहे, तर एक एक आठवतं आहे. त्याच हिवाळ्यातला तो रविवार, वीज जायची ते दिवस. दुपारी तुम्ही गॅरेज आवरून आत आलात, मोरीशी उभे राहून फार वेळ हात धूत होतात. मग म्हणालात, इथून पुढे गॅरेज मी झाडीन, तू जाऊ नकोस. मी म्हटलं बरं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, काहीतरी म्हणणार होतात, आणि मग म्हणालात, भाजीत मीठ बरोबर आहे. अजून जेवायला बसलाही नव्हतात!

त्या दिवशी तुम्हाला फडकं सापडलं, हो ना? आणि पुढच्या नवमीपासून तो नियम आला की पेटी उघडायची नाही. मी ती तुमची श्रद्धा समजत होते.

अहो, का नाही बोललात? एकदा नुसतं फडकं माझ्यासमोर टाकलं असतंत. मी रडले असते, पाया पडले असते, तुमच्याबरोबर रेजच्या दारात गेले असते. तुम्हाला वाटलं असेल, सगळ्या आवारात माझं हसं होईल, इंडियनच्या बायकोनं इंजिन समईसारखं घासलं म्हणून. होऊ द्यायचं होतं. मला वाचवलंत ते कुणाच्या जिवावर? त्या माणसानं काही केलेलं नाही हे तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. आपण दोघं एका ताटलीतले पापड मोडून खात होतो आणि एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होतो. शेवटच्या आजारात तुम्ही दोनदा म्हणालात, रेज काय करत असेल. मी म्हटलं, असेल मजेत. तेव्हाही मी बोलले नाही. तेव्हाही तुम्ही बोलला नाहीत.

तुम्ही गेलात तेव्हापासून मला वाटायचं, मी या घरात एकटी पडले. आज कळतंय, त्या शनिवारपासूनच आपण दोघंही एकएकटे होतो.

तुम्हाला सांगायचं राहिलं, रेज आला होता. क्रिमेटोरियममध्ये शेवटच्या बाकावर, टोपी हातात. मी वळून पाहिलं तोवर उठून गेला. मी हाक मारली नाही.

उद्या दसरा. इथे सीमोल्लंघन म्हणजे काय तर बसनं गावाच्या दुसऱ्या टोकाला जाणं. तो अजून त्याच घरात राहतो, डिरेक्टरीत पाहिलं. किल्ली त्याच्या हातात देईन. प्रिव्हेटचं पान देईन. आणि म्हणेन, इट वॉज मी, रेज. इंग्लिश तेवढं पुरेसं आहे, सकाळपासून तीनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं.

तो विचारेल, वॉसला माहीत होतं का? विचारणारच. तिथे मी थोडी अडले होते, पत्र लिहायला बसले ते त्यासाठीच. दुपारभर विचार केला. तुम्ही गेलेले, तो दुखावलेला. नाही म्हटलं तर तुमचं नाव चांगलं राहील. पण मग माझं उरलेलं आयुष्य पुन्हा त्याच चार पावलांवर, फ्लास्क घेऊन.

म्हणून फडकंही नेणार आहे. दारातच उलगडून दाखवीन. रागावू नका. तुम्ही मला झाकलंत, मी तुम्हाला झाकणार नाही. शब्द देते.

आता नारळ फोडते.

तुमची,
मालती