मीरा तारा उजळलाय

सुरुची,

मी दुर्बीण घेऊन सांडोरला, श्रीपतच्या केळीच्या वाडीत चाललोय. तू दार लावून पडली होतीस, म्हणून हाक मारली नाही. दुपारचं ताट तसंच दिसलं. वरण गरम करून थोडं तरी खा.

मीरा हा रूपविकारी तारा, म्हणजे त्याचा उजेड कमी-जास्त होतो. दिवाळीत तू घरी आलीस तेव्हा तो नुसत्या डोळ्यांना दिसतच नव्हता. काल मी दुर्बीण लावायच्या आधीच श्रीपत वर बोट करून म्हणाला, "मास्तर, हा कोन नवा आला?" बघतो तर तोच, तांबूस! सूर्याच्या जागी ठेवला तर अख्खी पृथ्वी पोटात घेईल एवढा तो तारा, आणि डोळ्यांदेखत उजळतोय. वर्गात तीस वर्षं हे शिकवलं, पण काल दुर्बीण लावायची सोडून नुसत्या डोळ्यांनीच बघत बसलो.

आज अमावास्या आहे. अंधार पडला की शेजारच्या दोन ताऱ्यांशी ताडून त्याचा उजेड किती ते ठरवायचं. दुर्बिणीवरून डोळा हलवला की अंदाज चुकतो, म्हणून मी सांगेन ते कुणीतरी वहीत लिहून घ्यायला हवं. श्रीपतला जवळचं चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि चष्मा त्याच्याकडे नाही.

भूपेशरावांचा सकाळी फोन होता, सुरुचीला सासरी कधी पाठवताय म्हणून. मी सांगितलं, ती म्हणेल तेव्हा, आणि नाही म्हणाली तर नाही.

यायचं झालं तर रिक्षाने ये. स्वेटर घाल, वाडीत दव पडतं. मी दहापर्यंत आहे.

बाबा