कुंकवाच्या भरवशावर भरलेला फॉर्म

आई, आज माझ्या पेन्शनचा फॉर्म भरायला बसलो आणि पहिल्याच पानावर हात अडला. बाबा अठ्ठावन्नाव्या वर्षी कारखान्यातून निवृत्त झाले, तेव्हा असाच एक फॉर्म आपल्या विद्यानगरच्या स्वयंपाकघरात आला होता. तू भाकरी थापतेयस, बाबा पाटावर बसलेत, आणि मी, विमा कंपनीतला नवा कारकून, पेन उघडून ऐटीत समोर. पर्याय दोनच. बाबा असेपर्यंतच पेन्शन, पण महिन्याला जास्त. नाहीतर थोडी कमी, पण त्यांच्यामागं तुला तहहयात. तव्यावरची नजर न काढता तू म्हणालीस, "माझ्यासाठी कायको मागं ठेवताय? मी कुंकू लावूनच जाणार, हौ. जास्तीची घ्या." तुझा दमा बघून बाबांनाही ते पटलं. जास्तीच्या चौकटीत खूण मी केली.

आणि मी तर रोज ऑफिसात आयुर्मानाचे तक्ते चाळत होतो. बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात, हे मला पाठ होतं. त्यात तू बाबांहून सात वर्षांनी लहान. तुझी देवाजवळची मागणी मी खुशाल फॉर्मवर उतरवली.

बाबा चार वर्षांत गेले, त्यांच्याबरोबर पेन्शनही. तू पुढं एकोणीस वर्षं जगलीस. बेगम बाजारातून मिरच्या आणायचीस, तोंडाला पदर बांधून, त्या दम्याच्या छातीनं तिखट कुटून विकायचीस. मी लोकांना सांगायचो, आईला रिकामं बसवत नाही. आता आठवलं की लाजेनं मान वर होत नाही. एकदा खोकल्याची उबळ ओसरल्यावर तू हसत म्हणालीस, "माझंच चुकलं रे, वेळेवर मेले नाही." मी उठून पंखा लावला.

आज माझी बायको आतून म्हणाली, "कमी कशाला घेता? मी आधीच जाणार आहे." मी म्हणालो, "नाही जाणार. बायका जास्त जगतात." अशुभ बोलू नका म्हणून तिनं मला झापलं. मी दोघांची पेन्शन लिहिली.

बाबांचा फॉर्म भरताना गप्प का बसलात, असं तिनं मागं विचारलं होतं. आईसमोर अशुभ कसं बोलणार, असं मी सांगितलं. ते खोटं आहे. जास्तीच्या पैशातून माझ्या स्कूटरचा हप्ता भरायचं बाबांनी आदल्याच दिवशी कबूल केलं होतं. हे पत्र घडी करून फॉर्मखाली ठेवलं होतं. पण फॉर्मवर बायकोचीही सही लागते, तिच्या हाती पडू नये म्हणून काढून घेतलंय.