वळणावरचा आवाज

६ जानेवारी १९६३, रविवार

"कबरस्तानातलं काही उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. नखातली मातीसुद्धा नाही." — सासूबाई म्हणाल्या होत्या, मामंजींना पोचवून पुरुषमाणसं परतली तेव्हा. मी नवी नवरी. दाराबाहेर तांब्या घेऊन उभी होते, एकेकाच्या हातावर पाणी घालत. आज ते वाक्य सकाळपासून डोक्यातून जात नाही.

करंज्याचा बुधाजी गाडी बघायला आला होता. मासळीच्या धंद्यात बरकत आहे, डॉक्टरची मॉरिस दारात उभी करायची हौस आहे. बाजारपेठेतून चक्कर मारून आला नि हसतच उतरला. "डाक्तर, गाडीत कोन बसवलाय? सरळ चालली का गप. वळन आला का आतून कडी वाजवतंय!"

सगळे हसले. मी कपबशा उचलून आत आले.

आवाज घालवा, मग नेतो, असं सांगून तो गेला. हे म्हणाले, गाडी गेली की निघायची तारीख ठरवू. दवाखान्याला गिऱ्हाईक मिळालं, पेट्या बांधून झाल्या. राफेल तिकडे इस्रायलात, बेरशेबाला, आईबापांसाठी खोली धरून बसलाय. राहिली ती गाडीच.

आवाज कशाचा आहे ते मला ठाऊक आहे.

८ जानेवारी, मंगळवार

लिहून टाकते. दुसरीकडे कुठे बोलणार?

डिसेंबरात साराकडे गेले होते. नेहमीप्रमाणे ह्यांनी कबरस्तानाच्या फाटकाशी सोडलं नि गाडीतच बसून राहिले. तिला ठेवली त्या दिवसानंतर हे कधी आत आलेले नाहीत. तिचं नावसुद्धा घरात घेत नाहीत. लेक माझी, सहा वर्षांची होती. गाढी नदीच्या पात्रातले गोल गोटे परकराच्या ओच्यात गोळा करून आणायची. तेच गोटे मी तिच्या कबरीभोवती कडेला लावलेत. निघताना त्यातला एक मुठीत घेतला. तिकडे न्यायला. तेवढा तरी.

पण घरात कसा आणायचा? चौकटीवरच्या मेझुझाला, त्या डबीतल्या देवाच्या वचनाला, हात लावून मी आत येणार, आणि कमरेला तो गोटा? नाही जमलं. हे हँडल मारायला खाली उतरले तेवढ्यात स्टिअरिंगखालच्या फळीवर ठेवून दिला. निघायच्या दिवशी उचलू म्हटलं. फळीच्या टोकाला फट आहे, आत पत्र्याची पोकळी. पहिल्याच वळणाला तो गडगडत आत गेला. मला तेव्हाच कळलं.

तेव्हाच सांगायचं! नाही सांगितलं. सांगितलं तर साराचं नाव निघेल म्हणून. आणि आता — आता आवाज आहे तोवर गाडी जात नाही, गाडी जात नाही तोवर आम्ही जात नाही.

आज भगवान मेकॅनिक येऊन गेला. जॅक लावला, चाकं हलवून बघितली. पुढच्या चाकाची किंगपिन झिजलीय म्हणाला. दिवसभर खपून बदलली. मी दोनदा चहा दिला.

संध्याकाळी आवाज होताच. हे त्याला चारचौघांत बोलले. डॉक्टरनं असं केलं असतं तर लोकांनी दवाखाना जाळला असता, म्हणाले. भगवान मान खाली घालून हत्यारं गोळा करत होता. मी खिडकीत होते.

१० जानेवारी, गुरुवार

सुकापूरहून बोलावणं आलं — हौसाच्या सुनेचं बाळंतपण अडलेलं. हे गाडी काढायला गेले नि परत फिरले. वळणावर स्टिअरिंग तुटलं तर? बॅग घेऊन चालत निघाले. दुपारच्या उन्हात.

परत आले तेव्हा ओसरीवरच बसले. बूट काढवेनात. मी काढले. टाच फुटलेली. बाळबाळंतीण ठीक आहेत, एवढंच बोलले. नसती तर? एका गोट्यासाठी?

११ जानेवारी, शुक्रवार

तुळशीरामकडून साराच्या कबरीला चुना लावून घेतला. कडेच्या गोट्यांनासुद्धा. पांढरीशुभ्र दिसते. मागे कोण लावणार?

संध्याकाळी शब्बाथचा दिवा लावला.

१३ जानेवारी, रविवार

ह्यांनी आज स्टेथोस्कोप काढला. गंमत नाही लिहीत. मला म्हणाले, "लीया, आत बसून स्टिअरिंग फिरव." मी डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. हे बॉनेट उघडून, वाकून, पत्र्याला कान लावून. गल्लीतली माणसं जमली. नाथन डॉक्टर गाडीची नाडी बघतायत म्हणून हसली. ह्यांचं लक्ष नव्हतं. डोळे मिटलेले, कपाळाला ती आठी.

ती आठी मी एकदाच पाहिली होती. साराच्या छातीवर हाच स्टेथोस्कोप होता तेव्हा.

मी स्टिअरिंग सोडून दिलं. डोकं दुखतंय म्हणून आत आले.

मग ह्यांनी सगळ्यांना घालवून दिलं. दुपारभर एकटेच गाडीशी होते. "सापडलं काही?" — मी दारातून विचारलं. नाही म्हणाले. बाहेरच्या नळावर बराच वेळ हात धुतले, मग आत आले.

१६ जानेवारी, बुधवार

आवाज वाढलाय. आधी गडगड असायची, आता टकटक. कसं झालं कळत नाही.

काल संध्याकाळी हे पायीच कुठेसे जाऊन आले. पेशंट होता म्हणाले. आज मात्र गाडी घेऊन गेले, कोपऱ्यावरून सुसाट. परवापर्यंत जीव मुठीत धरून वळवत होते! मी बाजूला बसले होते. प्रत्येक वळणाला ती टकटक माझ्या छातीत.

१७ जानेवारी, गुरुवार

हे आपणहून भगवानच्या गॅरेजात जाऊन आले. तुझी चूक नव्हती, असं त्याला सांगितलं म्हणे. गुणाबाई भाजी आणताना ऐकून आली. "बाय, डाक्तरांनी त्याचा हात धरला. असं कोन करतंय?"

त्याचा हात धरायला हवा होता तो मी. हे निर्दोष, आणि माफी हे मागतात.

१८ जानेवारी, शुक्रवार

ठरवलं. रविवारी बुधाजी येणार आहे. उद्या शब्बाथ, गाडीला हात लावायचा नाही. रविवारी सकाळी हे अंघोळीला गेले की गोटा काढते. आवाज जाईल, गाडी जाईल, आपण जाऊ. राफेलही माझंच लेकरू आहे. एका मुलीसाठी एका मुलाला किती दिवस ताटकळत ठेवू?

गोटा परत तिच्याजवळ नेऊन ठेवीन. तिची वस्तू तिला.

१९ जानेवारी, शनिवार

शब्बाथ. गाडी दिवसभर दारातच उभी.

२० जानेवारी, रविवार

फळीच्या फटीतून हात घातला. बोटांना गोटा लागला. बाहेर काढला, बघितला — माझा नव्हता. पांढरा. तुळशीरामनं लावलेला चुना, वाळलेला. परत हात घातला. माझा करडा गोटा आतच होता.

चुना लागला त्याच्याआधी मी माझा आणला होता. मंगळवारी संध्याकाळी हे पायीच गेले होते.

गाडीतच बसून राहिले. नळाचं पाणी बंद झालं तेव्हा दोन्ही गोटे होते तिथे परत ठेवले. हात बाहेरच धुतले.

बुधाजी आला, चक्कर मारून आला. कडी अजून वाजतेय म्हणाला. हे त्याच्याकडे न बघता म्हणाले, "हो. अजून सापडत नाही. पुढच्या रविवारी या."

आता ओसरीवर पेपर धरून बसलेत. पान उलटलेलं नाही. मी जाऊन विचारणार आहे. नाही म्हणतील — राफेलला शब्द दिलाय, नि दिलेला शब्द ह्यांनी कधी फिरवला नाही. तरी विचारणार.

अहो, आपण इथेच राहू या का?